ताईची मुलं शिकली

विद्यापीठात तिचा दरारा होता, पण ताईच्या लेखी ती अजून ठमीच होती. आई लवकर गेली, तेव्हा नुकत्याच शिक्षिका झालेल्या ताईने धाकट्या बहिणीला पोटाशी धरलं. स्वयंपाक करता करता तिला गणित शिकवलं, चुकलं की कान पिळला.

ठमी अर्थशास्त्रज्ञ झाली आणि आयुष्यभर एकाच प्रश्नाच्या मागे लागली: मुलं शाळेत जातात, पण शिकतात का? नसतील शिकत, तर जाब कुणाला विचारायचा? तिच्या अभ्यासावरून सरकार शाळांना दर्जा देऊ लागलं. वर्षानुवर्षं तळालाच राहिलेली शाळा बंद करायची आणि मुलांना जवळच्या चांगल्या शाळेत घालायचं, असं ठरलं. एके वर्षी बंद करायच्या शाळांत ताईची शाळा निघाली. ताई तिथली मुख्याध्यापिका होती.

ठमीने शब्द टाकला असता तर मुदत मिळाली असती. पण ताईनेच बजावलं, "माझ्यासाठी कुणाच्या पाया पडू नकोस. सगळ्यांना एक नियम आणि मला दुसरा का?" सामान हलवायच्या दिवशी ठमी मदतीला गेली. भिंतीवरून फळा उतरवला तेव्हा ताई हसली. "बघ, खालची भिंत किती गोरीपान आहे! उन्हात गेलीच नाही बिचारी."

पुढे मात्र ताईचा एकच धोशा असायचा. नव्या शाळेत पोरं बुजतील, मागे पडतील, त्यांना माझ्यासारखं कोण समजून घेणार? त्या काळजीच्या आधारानेच ती उभी होती.

काही काळाने ठमीने बंद झालेल्या सगळ्या शाळांमधल्या मुलांचं काय झालं ते तपासलं. मुलं पुढे गेली होती. ताईच्या शाळेतली तर सगळ्यांत जास्त. ठमीने हिशेब पुन्हा केला, दुसऱ्यांकडून करवून घेतला. उत्तर तेच आलं.

वर्तमानपत्रात वाचण्याआधी आपल्याच तोंडून कळावं, म्हणून ती ताईकडे गेली. ताई गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती.

"ताई, तुझी मुलं मस्त चालली आहेत गं. तू उगाच जिवाला घोर लावून घेतलास."

ताईचा चेहरा उजळला. "खरंच? तो बाकाखाली जाऊन बसणारा, तोसुद्धा?"

"सगळीच."

ताईने उशीच्या अभ्र्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "म्हणजे मी बाजूला झाले आणि ती शिकायला लागली."

"असं काय बोलतेस! तुझ्याकडे शिक्षक कमी होते, वर्ग एकत्र बसायचे..."

"ते होतंच. पण मीही होतेच ना."

"आणि मला कुणी शिकवलं? मी आज जी आहे ती तुझ्यामुळे!"

"ठमे, तू कुणाच्याही हाताखाली शिकली असतीस. हुशार मुलाचं श्रेय मास्तरांना देता येत नाही, हे तूच लिहितेस ना? मी वाचलंय सगळं." आवाजात राग नव्हता. राग असता तर ठमीला भांडता तरी आलं असतं.

अभ्यास छापून आला, वाखाणला गेला. तो खरा होता.

मग एकदा ताईची शेजारीण ठमीला जिन्यात भेटली. तिच्या मुली ताईकडे अभ्यासाला यायच्या, त्यांना ताईने यायचं नाही म्हणून सांगितलं होतं. ठमी तशीच वर गेली.

"त्यांना का परत पाठवलंस?"

"नुकसान व्हायला नको गं त्यांचं. चांगल्या पोरी आहेत."

"तुझ्यामुळे कुणाचं नुकसान होत नाही, ताई."

"कशावरून?" ताईने विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. आशेने ती ठमीच्या तोंडाकडे बघत राहिली. ठमीजवळ आकडे होते ते फक्त त्या अभ्यासातले. तिने ताईचा हात हातात घेतला आणि ती तिच्याशेजारी बसली.