दक्षिणेच्या भिंतीआड

मी एक मोटार बोलतेय. इटलीत जन्मलेली, दोनच माणसांची, टप मागं दुमडणारी, धावायला केलेली. तोरा वाटतो? असणारच. साठी झाली तरी माझ्या तांबड्या रंगात तोंड बघून आजही भांग पाडता येतो.

सोलापुरात मला एका गिरणीमालकाच्या मुलानं आणलं. दोन वर्षं मिरवलं, मन भरलं आणि सांगोल्याकडच्या बागेत नेऊन सोडलं. माणसांची हौस ती एवढीच. तिथं टप फाटला, शेळ्या माझ्यात बसून रवंथ करू लागल्या. एक तर माझ्यातच व्याली. मी कुरकुर केली नाही. तिला आडोसा झाला, मला सोबत.

तिथून मला सोलापुरातल्या भवानी पेठेत आणलं महादेवप्पांनी. यंत्रमाग दुरुस्त करणारे फिटर. मोटारीचं शिक्षण शून्य, पण हातात जादू. मागाची खोली रिकामी होती, तिच्या दक्षिणेकडच्या मोठ्या दारानं माझा सांगाडा आत आला. बाकीची मी डब्यांतून आले. अकरा वर्षं त्यांनी मला जोडलं. जो भाग मिळेना, तो स्वतः घडवला.

मधल्या काळात त्यांच्या महेश्वरीचं लग्न जमेना. कुणा वास्तूवाल्यानं सांगितलं, दक्षिणेचं दार आडवं येतंय. सुंदरम्मांनी, म्हणजे तिच्या आईनं, दोन दिवसांत ते विटांनी बुजवलं. अंगणाकडचं अरुंद दार तेवढं राहिलं. महादेवप्पा म्हणाले, "लग्न होऊ दे, मग काढू की भिंत." महिन्याभरात स्थळ जुळलं. झालं! ती भिंत त्या घरात देवापेक्षा मोठी झाली.

मी पुरी झाले ती अशी, कोंडलेली. रविवारी महादेवप्पा इंजिन सुरू करतात. तीन पावलं पुढं, तीन पावलं मागं. धावण्यासाठी जन्मलेल्या जिवाचं हे फिरणं!

आता त्यांचे हात थरथरतात. कुणाच्या का हातात असेना, एकदा मी रस्त्यावर धावताना त्यांना बघायचीय, म्हणून त्यांनी मला विकायला काढलं. परवा अकलूजचे उदयसिंह बघायला आले. बॉनेट उघडलं आणि आत डोकं घालून एकेक भाग न्याहाळला.

"काका, लई देखणी हाय. पण बाहेर कुटनं काढायची?"

महादेवप्पांनी भिंतीकडं बघितलं. सुंदरम्मा उसळल्या, "भिंतीला हात लावायचा न्हाय! लेक बाळंतपणाला आलीया. पोटुशी बाई घरात असताना कुणी तोडफोड करतं व्हय?"

महेश्वरी पोटावर हात ठेवून हसली. "आई, भिंत घातलीस तवा आत गाडी दिसली न्हाई तुला?"

"गाडी कुटं होती? डबे नि नटबोल्ट होते. तुजा बाप त्याची खरंच गाडी करंल, हे मला काय ठावं!"

सगळे हसले. मला नाही हसू आलं.

उदयसिंह म्हणाले, "मला पुढच्या महिन्यात लेकाच्या वरातीला पायजे. गाडीच मधोमध कापू, ह्या दारानं काढू. तिकडं वेल्डिंग करून घेतो. कळायचंबी न्हाय कुणाला."

कुणाला कळणार नाही? मला कळेल!

महादेवप्पांनी माझ्या दारावर हात ठेवला. मग म्हणाले, "परत जोडायला माझे हात न्हाईत आता."

"माझा वेल्डर हाय की."

"म्हणूनच न्हाय म्हणतो. गाडी द्यायची न्हाय."

उदयसिंह गेले. मी वाचले, आणि होते तिथंच राहिले. संध्याकाळी सुंदरम्मा आल्या, कधी नव्हे ते पदरानं माझी काच पुसली. "बारसं होऊ दे," म्हणाल्या, "मग बघू."

हे 'मग बघू' मी ओळखून आहे. बारशानंतर जावळ येईल, जावळानंतर दात येतील, भिंतीला रंगही लागेल.

म्हणून ज्याला मी हवी त्यानं बारशानंतर यावं. येताना कटर नको, घण आणि गवंडी आणावा.

आणि महेश्वरीच्या पोटातल्या बाळा, तू घाई करू नकोस. पुरे दिवस भरून ये. पण आलास की आजीच्या कडेवर बस, त्या भिंतीकडं बोट कर आणि गळा काढ. तुझं रडणं तिला सोसणार नाही. माझं तिला ऐकू येत नाही.