मधे आलेला हात

मी दुर्बीण बोलतेय. माझ्याकडून गोडगोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. मला एका माणसावर सूड उगवायचा होता, आणि तो अगदी तोंडाशी येऊन निसटला.

माझा जन्म बोरीवलीतल्या एका सोसायटीत, ए विंगच्या गॅलरीत झाला. मार्तंडकाकांनी पाण्याच्या पिंपावर जाड काच ठेवली आणि तिच्यावर दुसरी काच घासत, पिंपाभोवती फिरत फिरत माझा आरसा घडवला. ऑफिसातून दमून आले तरी आधी तेच. "काच झिजतेय की तुम्ही?" असं कुंदाकाकू विचारायच्या आणि चहाचा कप पिंपाच्या कडेला ठेवून जायच्या. शेवटी तो आरसा लांब नळीच्या तळाशी बसला आणि मी पुरी झाले.

जानेवारीत नॅशनल पार्ककडून गार वारा सुटला की काका माकडटोपी चढवून मला गच्चीवर न्यायचे. मृग नक्षत्रातला एक धुरकट ठिपका त्यांचा फार लाडका. आता माझी एक खोड सांगते, कारण तिनेच घात केला. माझ्यात बघायचं भिंग नळीच्या टोकाला नसतं, वरच्या अंगाला, कुशीत असतं. त्यामुळे नळी आकाशाकडे आणि बघणाऱ्याचं तोंड भलतीकडेच. मृग बघताना काकांचं तोंड समोरच्या बी विंगकडे व्हायचं.

बी विंगमधल्या शकुवहिनींनी एकदा खिडकीतून ते पाहिलं आणि त्या घाबरल्या. त्यांना मी दोष देत नाही. दोष सेक्रेटरी माणिकचा. वर येऊन काही विचारायचं सोडून त्याने सोसायटीच्या मीटिंगमध्येच सगळ्यांदेखत तोंड सोडलं.

"काका, ह्या वयात शोभतं का? लोकांच्या बेडरूममध्ये बघता?"

"अरे, एकदा वर चल. डोळा लावून तर बघ!"

"काय गरज नाय. गच्चीला आजपासून कुलूप."

कोणीतरी फिदीफिदी हसलं. त्या संक्रांतीला कुंदाकाकूंना कुणाकडूनही हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. लिफ्टमध्ये माणसं दिसली की काका जिन्याने जायला लागले. मी गच्चीवरच्या टाकीच्या खोलीत, रंगाचे डबे आणि गणपतीच्या मोडक्या मखराशेजारी पडून होते. तिथे अंधारात मी ठरवलं, ज्या डोळ्याने माणिकने माझ्यातून बघायचं नाकारलं, तो डोळाच मी घेणार.

पुढच्या सव्वीस जानेवारीला तो आयताच माझ्या तावडीत सापडला. झेंडावंदन झाल्यावर मुलांपुढे मिरवायला त्याने मला खाली आवारात आणवलं. "चला, आज सूर्य दाखवतो, एकदम झकास!" नळीची सावली सगळ्यात लहान झाली की ती सूर्याकडे वळलेली असते, हे त्याने एका व्हिडिओत पाहिलं होतं. डोळा वाचवायला पुढे खास फिल्टर लावतात, ते नव्हतं पाहिलं. व्हिडिओ अर्धाच बघितला होता ना!

सगळा सूर्य गोळा करून मी त्या भिंगात आणून ठेवला. वाक माणिक, वाक, असं मी मनात घोकत होते. तो वाकला.

"माणिक, डोळा लावू नको!" गर्दीच्या मागून काका धावत आले आणि त्यांनी त्याच्या डोळ्यापुढे आपला हात घातला. चर्र झालं. हात त्यांनी तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने नळी फिरवली.

माणिक जागच्या जागी थिजला होता. शकुवहिनी हातातली समोशाची डिश विसरून पुढे आल्या.

"हलू नकोस माणिक. अरे, नळी सूर्याकडे होती आणि तुझं तोंड तर माझ्या खिडकीकडे आहे!" मग त्या काकांकडे वळल्या. "काका, तेव्हा तुम्हीसुद्धा असेच उभे होतात ना?"

"हो," काका एवढंच म्हणाले. कुंदाकाकू त्यांच्या हातावर फुंकर घालत होत्या आणि घालता घालता रडायला लागल्या.

आता गच्चीला कुलूप नाही. माणिक स्वेटर घालून वर येतो, "काका, आज शनी दिसेल ना?" विचारतो, आणि काका त्याला सगळ्यांच्या आधी उभं करतात. मी दाखवते शनी. खोटं दाखवायला मला जमत नाही.

पण फोकस फिरवताना काकांच्या हातावरचा तो गोल डाग माझ्याजवळ येतो आणि मी पुन्हा पेटते. सूड माणिकवर उगवायचा होता, भाजला मला घडवणारा हात. काका, तुम्ही त्याला माफ करून टाकलंत, मला विचारलं नाहीत. मी केलेलं नाही. तेव्हा माझं एवढं ऐका, पुन्हा कधी तो भरदिवसा माझ्यापुढे वाकला, तर मधे हात घालू नका.