बंद मूठ

"बोला, अगदी मोकळेपणानं बोला," साहेब म्हणाले. समोर रुग्णालयाचे विश्वस्त बसले होते, त्यामुळे आवाजात मध कालवलेला.

धुलाईखान्यातल्या बायका साहेबांकडे बघतच नव्हत्या. त्यांचे डोळे मुकादमबाईंच्या मांडीवरच्या हाताकडे होते. यंत्रांच्या घरघरीत शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून तिथे हातांनीच बोलतात. पंजा उघडा म्हणजे चालू दे, मूठ मिटली म्हणजे थांब. बाईंनी मूठ घट्ट मिटली होती.

दोन वर्षांपूर्वी याच खोलीत बाई उठून बोलल्या होत्या. दिवसभर उभ्यानं इस्त्री करून पाय सुजतात, आळीपाळीनं बसायला स्टुलं द्या, एवढंच. आदल्या रात्री घरी नवऱ्यासमोर दहादा म्हणून सरावही केला होता. साहेब हसले होते.

"बसून इस्त्री? मग उशीपण देऊ का?"

सगळी खोली खो खो हसली. तिथेच कामाला असलेली सख्खी नणंदसुद्धा! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नणंदेला त्यांनी आठवड्याभरात माफ केलं. साहेबांना नाही.

पुढे साहेब कसल्याशा शिबिराला जाऊन आले आणि एकदम सगळ्यांचं ऐकायला लागले. स्वतः चहा ओतायचे, खोदून खोदून विचारायचे. बायका माना डोलवायच्या, बस्स. स्टुलांचं नाव बाईंनी पुन्हा काढलं नाही, कुणाला काढूही दिलं नाही. पाय सुजले तर सुजोत.

"साहेब तुमचं ऐकतात का?" विश्वस्तबाईंनी आता थेटच विचारलं.

नणंदेनं घसा खाकरला, मुठीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. कुणी हूं की चूं केलं नाही. साहेबांचा चेहरा पार उतरला. बाईंना इतकं बरं वाटलं, की त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली. पण थोडीच.

महिनाअखेरीस साहेबांची उचलबांगडी झाली. निरोप घ्यायला ते धुलाईखान्यात आले, तेव्हा यंत्रं बंद होती.

"मावशी, जाताना एवढं तरी सांगा. मी इतकं विचारायचो, तुम्ही कुणीच का बोलला नाहीत?"

याच प्रश्नाची तर बाई वाट बघत होत्या. "मी स्टुलं मागितली," त्या एकेक शब्द तोलत म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही हसला होतात. सगळ्यांसमोर."

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते मनापासून आठवू लागले.

"मी? कधी हो?"

ते नाटक करत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. बाईंनी पुढची चादर ओढून टेबलावर पसरली.