बाळाच्या खोलीतली पाच पोरं

खालच्या स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण खणकन पडलं, आणि शिडीवरची एर्मांस दचकली. बाकी घर चिडीचूप. बाईसाहेबांना सातवा लागला होता, आणि आज त्या बाळाची खोली बघायला येणार होत्या.

सगळ्या पॅरिसला रोमन भिंती हव्या होत्या. इथेही लाल भिंत, पांढरे हार, हारांमध्ये पंखवाली पाच पोरं. भिंती रंगवणाऱ्या कारखान्यात बायकांनी नुसता रंग भरायचा, आकृत्या पुरुषांच्या. कारखान्याच्या मालकांनी पहिल्यांदाच एर्मांसला अख्खी भिंत दिली होती. चुकली तर पुन्हा जन्मभर रंग भरणं. रोमच्या संगमरवरावरून उतरवलेला नक्षीचा कागद मालकांचाच. त्याच्या भोकांतून कोळशाची पूड थोपटायची आणि उमटेल ते रंगवायचं. कागदाला प्रश्न विचारायचा नाही.

तिची चार वर्षांची लेक सेलेनी कोपऱ्यात रंगाच्या रिकाम्या शिंपल्यांशी खेळत होती. सोन्याचा वर्ख लावणारे बातूकाका आत आले नि थबकले.

"पोरी, हे काय करून बसलीस?"

"का? नाकं बसकी झाली?"

"नाकं गेली खड्ड्यात! मशाल जमिनीला टेकवून विझवताहेत ही पोरं. थडग्यावर कोरतात यांना. मालकानं दगडी शवपेटीवरून उतरवलीत!"

बाईसाहेबांनी गेल्याच वर्षी पहिलं लेकरू पुरलं होतं.

"रंग ओला आहे तोवर पूस. ज्योत वर घे. मी जिन्यात खोकत राहतो."

ओला बोळा, लाल रंग, पिवळी ज्योत. एक झालं, दुसरं, तिसरं. जिन्यात रेशीम सळसळलं. काका असे खोकले की जणू आत्ताच प्राण जातोय. चौथं झालं, आणि दार उघडलं.

बाईसाहेब पाचव्यासमोरच थांबल्या. "हा एकटाच असा का?"

एर्मांस शिडीवरून उतरली. "सगळेच तसे होते, बाईसाहेब. थडग्यावरचे आहेत. चूक माझी."

दारातल्या काकांनी कपाळावर हात मारला.

बाईसाहेबांचा हात पोटावर गेला.

"आमच्या तेओफीलच्या दगडावर हाच आहे," त्या हळूच म्हणाल्या. "याला पुसू नकोस. आधी ही खोली त्याची होती."

एर्मांसच्या हातातला बोळा ठिबकत राहिला. सेलेनीनं तिचा झगा ओढला.

"आई, मग नवं बाळ आलं की या बाळानं कुठं निजायचं?"