थांबायचं राहून गेलेलं गाढव

मी एक जुनं गाढव आहे मित्रांनो, पण मला चारा लागत नाही आणि मी लाथही मारत नाही. मी कॉम्प्युटरच्या एका फाइलमध्ये राहतो. सहा मिनिटांच्या ॲनिमेशनपटाचा मी नायक, हे आधीच सांगून टाकते... माफ करा, टाकतो. ताईच्या हाताखाली राहून तिची बोली लागली.

ताईनेच मला घडवलं. आधी नुसता सांगाडा, मग करडे केस, आणि कान तर तिने चारदा बदलले. पण चालायला लागलो की माझे पाय टेबलाच्या पायांसारखे ताठ. खरं गाढव काही मिळेना. शेवटी ताईने बाबांना घरातच हातापायांवर चालायला लावलं आणि मोबाइलवर चित्रण केलं.

"गाढव म्हणून मीच सापडलो तुला?" बाबा म्हणाले.

"आईनेच तुमचं नाव सुचवलं," ताई म्हणाली.

बाबांचा डावा गुडघा दुखरा होता. ते तो उशिरा उचलायचे, अलगद टेकायचे. ताईने तेही माझ्या मागच्या डाव्या पायात हुबेहूब उतरवलं. चोवीस चित्रांत माझी चारही पावलं पूर्ण होतात. पंचविसावं चित्र म्हणजे पुन्हा पहिलंच. म्हणून मी कितीही चाललो तरी तिथेच असतो. खाली करड्या रेघांची जमीन, वर काही नाही, बाजूला भिंतसुद्धा नाही. भिंत असती तर निदान टेकलो तरी असतो.

गोष्टीच्या शेवटी मी माझ्या घराच्या फाटकापाशी येऊन थांबणार होतो. पण स्पर्धेची मुदत उद्यावर आली. दिग्दर्शक म्हणाला, "लांबून चालताना दाखवू आणि पडदा काळा करू. पोचला असेल, असं समजतील लोक." लोकांनी समजून घेतलं. टाळ्या पडल्या, बक्षीस मिळालं, माझ्या चालीचं तर फारच कौतुक झालं. मला थांबणं मात्र कुणी शिकवलंच नाही. ताई दुसऱ्या कामाला लागली, तिकडे अस्वलं होती. माझी फाइल सात वर्षं बंद राहिली आणि आत मी पहिल्या चित्रापासून चोविसाव्यापर्यंत, पुन्हा पहिल्यापासून.

काल ताईने जुना कॉम्प्युटर टाकून देण्याआधी मला उघडलं. मागे बाबा उभे होते.

"अगं, हा अजून चालतोय? थांबव की. दमला असेल."

"थांबायचं केलंच नव्हतं बाबा. आता तुम्हीच दाखवा."

पण बाबांना नवा गुडघा बसवलाय आणि डॉक्टरांनी गुडघे टेकायला मनाई केली आहे. आता ते सरळ, झपझप चालतात. त्यांची जुनी चाल फक्त माझ्याकडे उरली आहे. मग त्यांनी खुर्चीत बसून टेबलावर दोन्ही हात चालवले, एक हात टेकला, दुसरा त्याच्याशेजारी आणला आणि थांबले. ताईने ते बघून संध्याकाळपर्यंत माझे पुढचे पाय थांबवले.

"मागचे उद्या," ती म्हणाली. "मी रांगते, तुम्ही खुर्चीवरून सांगा कुठे दुखायचं ते."

"सगळं सांगेन. आधी आईला बाहेर पाठव."

आणि तिने फाइल बंद केली.

मित्रांनो, कुणाला चालायला लावलंत, तर त्याला थांबवायलाही आठवणीने या. मी वाट बघतोय. माझे पुढचे पाय घरी पोचले आहेत, मागचे अजून रस्त्यात आहेत.