धुरपताच्या तेरवीची चौकशी

आयका राजेहो, अन् मधात कोनी बोलू नका.

सन पंचावनची गोष्ट. सेलूजवळच्या एका गावात रामबाईच्या वावरात कापूस असा फुटला का बोंडं लोंबून मातीले टेकून राह्यली. अन् वेचाले एक बाई येईना! काऊन? तं वावरातल्या विहिरीत धुरपता. धुरपता म्हंजे रामबाईची नणंद, सन वीसमधी त्याच विहिरीत उडी घेऊन मेलेली. भर दुपारी विहिरीतून 'ऊंऽऽ' असा आवाज ये. वेचणाऱ्या बायांची म्होरकी गंगा, तिनं यंदा तो सोता आयकला, अन् ओटीतला कापूस तिथंच सांडून पळाली. अजून आठ दिवस गेले असते तं रामबाईचं वर्षाचं पीक मातीत.

शाळेत नवा आलेला अच्युत मास्तर. वय तेवीस, खिशात दोन पेन, अन् भुताचं भारी येड. भेव नाई बरं, येड! "असंल बी, नसंल बी, पाहू तं द्या," म्हणे.

रामबाई म्हणे, "पाहा, बोला, जेवाले घाला, पण माह्या वावरातून काढा तिले."

रयवारी मास्तर विहिरीच्या काठावर भाकर सोडून बसला. अन् आला ना आवाज! ऊंऽऽ! मास्तरच्या अंगावर काटा. पण गड्यानं वहीत लिहलंच : बारा वाजून वीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी धुरपताच्या मरणाची नोंद पाहाले मास्तर ठाण्यात. जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरं तिथं अडगळीत पडली होती. मुन्शी हासे, "क्यों मास्तरजी, भूत का वारंट निकालना है?" मास्तरनं धूळ झटकून सन वीस पाह्यलं. पटकीनं मेलेले तीन, साप चावून एक. धुरपता नाई! एकोणीस पाह्यलं, एकवीस पाह्यलं. नाईच!

गावातले म्हातारे खवळले. "मेली नाई म्हंजे? तेरवी खाल्ली ना आमी! बुंदी होती!"

राह्यला जंगलू कोतवाल. त्या काळी गावात कोन मेलं ते ठाण्यात जाऊन हाच सांगे. आता दात नाई, पण डोकं शाबूत.

"बुंदी म्याही खाल्ली, मास्तर," तो म्हणे. "पण मुडदा नाई पाह्यला. मुडदा पाह्यल्याबगर म्या कोनाले मारत नव्हतो. पोरगी गाडीवानासंग तळेगावले पळाली. बापाले लाज वाटली, म्हणून त्यानं विहिरीत उडी घेतली असं सांगून जित्या पोरीची तेरवी केली."

"मंग पस्तीस वर्षं बोलले काऊन नाई?"

"कोनी इचारलं काय?"

दोन मोटारी बदलून, धुरपताचा पत्ता इचारत इचारत मास्तर तळेगावच्या बाजारात. पन्नाशी पार केलेली एक बाई मिरच्या विकून राह्यली होती. मास्तरनं वही उघडली, घसा साफ केला. "धुरपताबाई, तुमी कधी मेल्या होत्या काय?"

"मिरच्या घेतं का डोळ्यात घालू?"

मास्तरनं सगळं सांगितलं. बाई लाल झाली. "माह्या तेरवीले बुंदी? अन् मलेच आवतन नाई?" मिरच्या गुंडाळल्या अन् निघालीच.

वावराच्या धुऱ्यावर गंगा अन् साऱ्या बाया एकमेकीले धरून उभ्या. रामबाई नणंदेच्या पाया पडाले वाकली, ते वाकूनच राह्यली. टाच पाह्यली, बोटं पाह्यली. मंग वरडली, "पाय सरळ आहेत वं!"

धुरपता म्हणे, "माह्या भावाच्या बायको, आता उठ."

अन् त्याच टायमाले विहिरीतून 'ऊंऽऽ'! धुरपता बाहीर, आवाज आत! 

"हे होय?" धुरपता म्हणे. "हे तं माह्या लहानपनापासून आहे. याले आयकत आयकत आमी पानी भरलं."

"मंग कोन आहे ते?" गंगानं इचारलं.

"मले काय मालूम? हंडा उचलू का त्याची जात-गोत इचारत बसू?"

गंगा म्हणे, "आपल्या गावची धुरपता नाई ना? मंग जाऊ दे. वळख ना पाळख, ते आपल्याले काऊन धरंल?" तिनं पदर खोचला, ओटी बांधली अन् कापसाच्या तासात शिरली. तिच्यामागं साऱ्या बाया.

मास्तर मात्र विहिरीवर पालथा पडून, पेन धरून आत इचारून राह्यला होता, "आपलं नाव काय? राहाले कुठचे?"

रामबाई तासातून वरडली, "मास्तर, त्याले म्हणा, आधी माही वेचणी होऊ दे. मंग नाव सांगजो!"