जमीन हलली नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे. माझ्या अंगात भूत आहे, असं लातुरातल्या एका दवाखान्यात कितीतरी वर्षं बोललं जायचं. भूत नव्हतं. काय होतं ते सांगते.

माझा जन्म नांदेडचा. गुलाम रसूल मिस्त्रींनी मला जोडलं. काम झाल्यावर कुठे करकर होते का ते बघायला ते स्वतः माझ्यावर आडवे झाले आणि गप्प पडून राहिले. त्या वेळी पहिल्यांदा माणसाच्या काळजाचा ठोका माझ्या पट्ट्यांतून पायांपर्यंत उतरला. मला तो फार आवडला. डोक्याकडचा एक पाय किंचित सैल राहिला होता, तो मात्र मिस्त्रींच्या लक्षात आला नाही.

मी लातूरच्या दवाखान्यात आले आणि थोड्याच दिवसांत किल्लारीचा भूकंप झाला. जखमी माणसं येत गेली. कुणाचं काळीज उडत असायचं, कुणाचं विझत जायचं. त्या दिवसांबद्दल मी जास्त बोलत नाही.

अण्णाराव आले ते नंतर, थंडीत. भूकंपात त्यांना खरचटलंही नव्हतं. पण घरं पडलेल्यांसाठी उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये ताप-खोकल्याची साथ पसरली आणि त्यात ते सापडले. ताप उतरला, खोकला कमी झाला, घरी जायचं ठरलं. त्या संध्याकाळी ते निपचित पडले होते आणि माझा सैल पाय वाजायला लागला. कट्, कट्. मग काहीच नाही. मग एकदम कट्‌कट्‌कट्. त्यांची बायको तुळजाबाई दचकली.

“खाट कोण हलवायलंय?” ती म्हणाली.

तिने वाकून माझ्याखाली पाहिलं. नर्सबाईंनीही वाकून पाहिलं. खाली कुणीच नव्हतं. दोघी माझ्याखाली बघत असतानाच वरचा ठोका थांबला. अण्णाराव भूकंपाच्या धसक्याने गेले, असं लोक म्हणाले. खाट आपोआप वाजत होती, हेही पसरलं. त्यानंतर माझ्यावर कुणी निजेना. मला मागच्या पडवीत टाकलं, अंगावर पारव्यांनी घाण केली, पायांना गंज चढला. माणसाचा ठोका नसला की लोखंड फार गार पडतं, मित्रांनो.

पुढे लातुरात गल्लोगल्ली शिकवण्या निघाल्या. मुखेड, अहमदपूर, माहूर, कुठून कुठून पोरं डॉक्टर व्हायला येऊ लागली आणि त्यांना निजायला खाटा कमी पडू लागल्या. दवाखान्याच्या भंगारातून मला एका हॉस्टेलवाल्याने उचललं, निळा रंग फासला आणि मुलींच्या हॉस्टेलात तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलं. माझी जुनी गोष्ट तिथे कुणालाच ठाऊक नव्हती.

हॉस्टेल सांभाळायला जगदेवीमावशी होत्या. त्या किल्लारीकडच्याच. भूकंपात दगडी भिंतींखाली त्यांची धाकटी बहीण गेली होती. दाराला कधी कडी लावायच्या नाहीत. रस्त्याने जड ट्रक गेला तरी त्यांची नजर आधी छताकडे जायची.

माझ्यावर अलीझा निजायची. मुखेडच्या मुज्तबा गादीवाल्यांची ही मुलगी. वडिलांनी स्वतः पिंजलेल्या कापसाची गादी तिने माझ्यावर अंथरली होती. तिचा ठोका सरळ, शांत होता, चांगल्या शिलाई मशीनसारखा. त्यावर मीही शांत असायची.

त्या हिवाळ्यात हॉस्टेलात खोकला शिरला. एकीकडून दुसरीकडे जात तो अलीझाकडे आला. ताप चढला, अंग मोडून आलं, मग तापही उतरला. पण तो उतरल्यावर तिचा ठोका बदलला. नीट चालता चालता एखादा गळायचा. त्या रिकाम्या जागेत मला वाटायचं, वर कुणी नाहीच. मग पुढचा ठोका जोरात आदळायचा आणि माझा पाय वाजायचा. कट्.

शेजारच्या खाटेवरच्या दीपमालाला अलीझाने सांगितलं, छातीत काहीतरी कोलांटी मारतंय. दीपमालालाही परीक्षेच्या आधी तसं व्हायचं. तिने टेन्शन घेऊ नको म्हणून समजावलं. घरून फोन आला, तेव्हा अलीझा माझ्यावरच बसली होती.

“ठीक हूँ अब्बा. बुखार उतर गया,” ती म्हणाली. त्याच वेळी दोन ठोके गळले.

चाचणीच्या आदल्या दुपारी मुली जेवून आपापल्या खोल्यांत वाचत बसल्या होत्या. वीज गेली होती, पंखे थांबले होते. जिन्यावर पडलेली पिनसुद्धा ऐकू आली असती. अलीझाला दम लागला होता म्हणून जगदेवीमावशी पेज घेऊन आल्या आणि माझ्या कडेला टेकल्या. तेवढ्यात तिचं काळीज सुटलं. ठोक्याला ठोका चिकटला, मोजताच येईना. माझ्या पट्ट्या थरथरल्या, सैल पाय फरशीवर तडतडू लागला.

मावशींना ती थरथर मांडीखाली जाणवली. त्यांची नजर छताकडे गेली. त्या ओरडल्या, “खाली पळा समद्या!”

सगळं हॉस्टेल जिन्यावरून खाली धावलं. मी आणि अलीझा राहिलो. तिचे डोळे उघडे होते. तिने उठायचा प्रयत्न केला, पण हात गादीवरून उचलला गेला नाही. रिकाम्या इमारतीत माझा पाय तेवढा वाजत होता.

खाली काय झालं ते दीपमालाने नंतर सांगितलं. गल्लीतली माणसं मुलींकडे आश्चर्याने बघत होती. कुणालाच काही जाणवलं नव्हतं. मावशींना मात्र ते खरं वाटेना. त्या मुलींचे चेहरे बघत गेल्या आणि अलीझा दिसली नाही. त्या वळल्या. दीपमालाने हात धरला, तो त्यांनी सोडवला. वरचं छत कोसळणार अशी त्यांची खात्री होती, तरी त्या जिना चढल्या.

दारात येऊन त्या थबकल्या. तांब्यातलं पाणी हलत नव्हतं. खुंटीवरची ओढणी लोंबत होती तशीच होती. हलत होता तो माझा सैल पाय. त्या माझ्याकडे बघत पुढे आल्या. मला तुळजाबाई आठवली. आता ह्याही माझ्याखाली वाकून बघणार, असं मला वाटलं. पण त्यांनी अलीझाच्या छातीवर तळहात ठेवला.

“जमीन न्हाई,” त्या हळूच म्हणाल्या. “पोरीचं काळीज हाय.”

त्यांनी गादीसकट तिला उचलायला मुलींना वर बोलावलं.

दवाखान्यात तिला विजेचा झटका देऊन ठोका जाग्यावर आणावा लागला, हे मला मुलींच्या बोलण्यातून कळलं. डॉक्टरबाईंनी मुलींना समजावलं की ताप-खोकल्याचा विषाणू कधी कधी फुप्फुसांतच थांबत नाही, हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतो, आणि मग त्याची लय बिघडते. ताप उतरल्यावरही हे होऊ शकतं. थोडा उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती, असं बाई म्हणाल्या.

अलीझा वाचली. पण बरेच महिने धावायचं नाही, जागायचं नाही असं बजावल्यामुळे त्या वर्षीची तिची परीक्षा हुकली. मुज्तबाभाई सामान न्यायला आले. माझ्यावर बसले आणि उघड्या पट्ट्यांवरून हात फिरवत राहिले. त्यांचं काळीजही भरभर चाललं होतं, पण ती भीतीची धडधड होती. ती मला ओळखता येते. ती बसता बसता निवते.

मावशी वर पुन्हा कशा आल्या, असं त्यांनी विचारलं.

“एक भिंतीखाली ऱ्हायली व्हती मागं,” मावशी म्हणाल्या, आणि तांब्या घेऊन पाणी आणायला गेल्या.

मित्रांनो, ताप गेला म्हणजे आजार गेला असं धरू नका. ठोका गळाला, छाती उगीच उडाली, चक्कर आली, दम लागला तर ते परीक्षेवर ढकलू नका. मोठ्यांना सांगा, दवाखाना गाठा.

आज सकाळपासून भिंतीकडच्या खाटेवरची नवी मुलगी खोकते आहे. कालपर्यंत तापली होती, आज बरी आहे म्हणते. तिची खाट माझ्यापासून दूर आहे. तिचा ठोका माझ्यापर्यंत पोचत नाही. तिला कुणीतरी विचारा.